हाड शाबूत

चंदरच्या मांडीवर नारळ फुटेल, असं खैरपाड्यात म्हणत. फोडून कोणी पाहिला नव्हता. म्हणत मात्र सगळे.

आटगाव स्टेशनात उतरून आत शिरलं की रस्ता संपता संपता खैरपाडा लागतो. गावात पावसाळ्यात भात, हिवाळ्यात वाल आणि बारा महिने कबड्डी. देवळाला कित्येक वर्षं रंग लागला नव्हता. मैदानाला मात्र चुना कमी पडत नसे. त्या मैदानावर चंदर वाढला. दहावीला विज्ञानात आपटला, तेव्हा मास्तरांनीच त्याला सांगितलं, "तुझी अक्कल तुझ्या पायात आहे. ती जप." मास्तर टोमणा मारत होते. चंदरनं तो सल्ला म्हणून घेतला आणि पाळला.

त्याची गिरकी तालुक्यात प्रसिद्ध होती. समोरच्या अंगणात शिरायचं, कोपऱ्यातल्या गड्याला बोट लावायचं, आणि तो हात टाकेपर्यंत उजव्या पायावर गर्रकन फिरून मध्यरेषा गाठायची. बघणाऱ्याला वाटे, हा माणूस उलटा आला की सुलटा?

सत्त्याण्णवच्या एप्रिलात टोकावड्याला सामने होते. चंदर चढाईला गेला, कोपऱ्याला हात लावला आणि फिरला. पाऊल मात्र फिरलं नाही. मैदानावर पाणी जास्त पडलं होतं. पाऊल मातीत रुतून राहिलं, वरचा चंदर तेवढा फिरला. ओली फांदी पिळून मोडावी तसा आवाज आला. तो पडला, सरपटत गेला आणि दम न सोडता हात रेषेला लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुडघ्याच्या आवाजाला टाळ्या मिळालेला तालुक्यातला तो पहिलाच गडी असावा.

टोकावड्यातच कोंडू वैद्य होता. पंचक्रोशीतली हाडं त्याच्याकडे येत. माणसं त्यांच्यासोबत येत, एवढंच. त्यानं गुडघा चाचपला, डोळे मिटले आणि सांगितलं, "सरकलंय." मग चौघांनी चंदरला धरलं आणि कोंडूनं पाय ओढला. चंदरची किंकाळी रस्त्यावरच्या ढाब्यापर्यंत गेली. कोंडूनं पाला वाटून लावला, वर बांबूच्या कामट्या बांधल्या. "बसलं," तो म्हणाला.

काय बसलं ते कळलं नाही. सूज मात्र उठली. तेव्हा आई, रंभा, त्याला घेऊन शहापूरला डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी फोटो काढायला लावला. काळी फिल्म उजेडाकडे धरून म्हणाले, "हाड शाबूत आहे. सूज उतरली की ठाण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. आतलं काही तुटलं असेल तर या फोटोत दिसत नाही."

रंभानं पहिलं वाक्य ऐकलं आणि हात जोडले. ती डोळे पुसत होती तेवढ्यात बाकीची वाक्यं होऊन गेली. चंदरनं ती ऐकली होती. पण आईच्या तोंडावरचा आनंद बघून त्यालाही पहिलंच वाक्य पुरेसं वाटलं.

फोटो घरात खिडकीला लावला. येईल तो बघून जाई. शेजारची सकुबाई तर रोजच येई.

"बाय गो, चंदर एवढा सावळा, नि हाड बघ कसं पांढरं!"

"आतून सगळी सारखीच असतात, सकू," रंभा म्हणे. तिला आता यातलं कळायला लागलं होतं.

"मंग हा लंगडतो कशाला?"

"भीती बसलीय. दुसरं काय? हाड तर शाबूत हाये."

महिन्याभरात चंदर लंगडायचाही थांबला. सरळ चालला तर काही होत नसे. चढ चढे, धावे, डोक्यावर भाताच्या पेंढ्याचा भारा घेई. फक्त वळायला गेला की गुडघ्यात काहीतरी निसटे आणि पाय आपला नसल्यासारखा होई. सरळ चालणाऱ्या माणसाचं दुखणं कोणाला दिसत नाही. गावानं निदान केलं होतं. भीती.

घरात विज्ञान शिरलं ते सरिताच्या रूपानं. सरिता चंदरची बायको, मुरबाडकडची. लग्न लागलं तेव्हा शाळा सुटली होती. गावात अंगणवाडी येणार असं कानावर आलं, तिथं दहावी पास बाई लागणार होती. सरितानं सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं. ती मोठ्यानं वाचायची. मोठ्यानं वाचल्याशिवाय अभ्यास होतो यावर तिचा विश्वास नव्हता. त्यामुळे त्या पावसाळ्यात घरातल्या कोंबड्यांनासुद्धा ऊती म्हणजे काय ते ठाऊक झालं.

लावणी आटोपली होती. चंदर कोंड्याच्या पोत्यावर पाय ठेवून पडलेला असे. सरिताला तक्ता हवा होता. तक्ता आयताच होता.

"संयोजी ऊतीचं कार्य काय?" ती स्वतःलाच विचारी. "शरीराचे भाग एकमेकांना जोडणे, त्यांना आधार देणे." मग त्याच्याकडे वळे. "अवो, पाय द्या."

"परत?"

"पडूनच तर हाये. कामाला तरी येऊ दे." ती त्याच्या नडगीवर टिचकी मारी. "ही अस्थी. कठीण. हिच्यावर सगळा डोलारा." मग त्याचा कान पिळी. "ही कास्थी. मऊ, पण आकार सोडत नाय. नाकाच्या शेंड्याला असते, कानाला असते, सांध्यात हाडावर हाड घासू नये म्हणून असते."

"आगो, दुखतंय!"

"दुखलं ना? मंग चेता ऊती चालू हाये. कानाचं दुखणं मेंदूला कळवणं तिचं काम. आगो म्हणून वरड, हा हुकूम तोंडाला आणून देणं पण तिचंच."

"तिला सांग, हात उचल म्हणून पण हुकूम येतोय."

चुलीपाशी रंभा हसली. ती अंगानं भरलेली होती. तिनं विचारलं, "आन माझ्यात काय हाये गो?"

"तुमच्यात मेद ऊती, आई. अंगात ऊब धरते. अडीअडचणीला साठा."

"म्हंजे चांगलीच की," रंभा म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

रक्तही संयोजी ऊतीतच मोडतं, हे कळल्यावर चंदर थक्क झाला. पातळ वस्तू कशी काय जोडते? सरितानं पुस्तक बघून सांगितलं, की ते अंगभर फिरतं, प्राणवायू नेतं, अन्न पोचवतं. "म्हंजे तुमच्या सकुबाईसारखं," चंदर म्हणाला. "चार घरं फिरतं नि इकडचं तिकडं करतं."

स्नायूंचा धडा मात्र त्याला मनापासून आवडला. हातापायांचे स्नायू ऐच्छिक. आपण सांगू तसे वागतात, भिंगाखाली त्यांच्यावर पट्टे दिसतात, आणि ते दमतात. आतड्याचे अनैच्छिक. ते आपलं ऐकत नाहीत, हळूहळू आपलं काम करत राहतात. आणि हृदयाचे तिसऱ्याच जातीचे. ते ऐकतही नाहीत आणि दमतही नाहीत. चंदरनं मांडी आवळली, सोडली. परत आवळली. "ऐकते की," तो म्हणाला. पडल्या पडल्या त्याला बरं वाटलं.

गावानंही आपल्या परीनं उपचार चालवले होते. खैरपाड्यात बकरा भागीत कापतात आणि सागाच्या पानांवर वाटे घालतात. प्रत्येक वाट्यात थोडं मांस, थोडं हाड, थोडी चरबी, कलेजीचा एखादा तुकडा. कोणी तक्रार करू नये म्हणून वाटे घालणारा वेगळा आणि उचलणारा वेगळा. त्या वर्षी एक रिवाज नवा पडला. पाय वाट्यात घालायचे नाहीत, चंदरकडे पाठवायचे. पायाला पाय. भीती बसलीय असं म्हणणारेच पाय पाठवत होते. त्यात कोणाला विसंगती दिसली नाही.

असंच एकदा रस्सा ओरपताना सरितानं त्याच्या ताटातलं हाडूक उचललं. मांस शिजून गळालं होतं. पण दोन हाडं एकमेकांना सोडायला तयार नव्हती. मधे पांढरी, चकचकीत दोरी होती.

"हे बघा! हाच अस्थिबंध. हाडाला हाड जोडतो. आन ही दुसरी, वर मांसाकडं गेलेली, ती स्नायुरज्जू. स्नायूला हाडाशी जोडते." तिचं तोंड उजळलं होतं. पुस्तकातली वस्तू तिला पहिल्यांदाच घरात सापडली होती.

चंदरनं ती दोरी दातांत धरून ओढली. तुटेना. तो चावत राहिला. मग थांबला.

"सरे, ही माझ्यात पण असंल ना?"

"असणारच."

"मंग... माझी तुटली काय?"

दोघांनी वर पाहिलं. फोटो खिडकीत होता. त्यात दोन पांढरी हाडं होती आणि त्यांच्यामधे काळोख. त्या काळोखात काय आहे हे त्या घरात पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. सरितानं हात धुतले आणि पुस्तक आणलं. बोट ठेवून वाचलं.

"अस्थिबंध अतिशय चिवट व लवचिक असतात."

दोघांनी ते वाक्य परत वाचलं. लवचिक म्हणजे ताणलं तरी मूळ पदावर येणारं. चंदरनं सुस्कारा सोडला. छापलेलं होतं. तुटण्याबद्दल पुस्तकात काही नव्हतं. तो प्रश्न परीक्षेला येत नसावा.

सरिता मार्चच्या परीक्षेत पास झाली. विज्ञानात तिला सगळ्यात जास्त मार्क पडले. अंगणवाडी आली आणि तिला मिळाली. चंदर तेवढा घरी राहिला. तो बैठका मारायचा, सरळ धावायचा. मांडी पूर्वीपेक्षा जाड झाली. आता नारळ नक्की फुटला असता.

अशात शेखर घरी आला. शेखर खैरपाड्याचाच. कल्याणच्या पलीकडे एका कंपनीत होता आणि कंपनीच्या कबड्डी संघाचा कप्तान होता. खेळावर नोकरी लागलेला गावातला तो एकटाच. बाकी गाव शेतात नाहीतर बिगारीवर.

"चंदऱ्या, चढाईवाल्याची जागा खाली झालीय. तुझं नाव टाकलंय. पौषात मुरबाडला सामने हायेत, साहेब तिथं खेळ बघून घेणार. वर्षभर तात्पुरता, मग कायम."

चंदरनं गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "वळताना निसटतो रे."

"फोटोत तर काय नव्हतं?"

"नव्हतं."

"मंग बांध नि ये. ही जागा गेली तर परत येणार नाय. तुझं वय बघ."

चंदरनं वय बघितलं. कबड्डीत तिशी म्हणजे म्हातारपण, आणि ते दारात उभं होतं. ही नोकरी नाही तर कुठलीच नाही, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

निवड होती त्याच सकाळी म्हशाच्या जत्रेला जायचं निघालं. चंदरच्या मामाला बैल घ्यायचा होता आणि बैलाची पारख चंदरला होती. थंडीत बैलांच्या नाकातून वाफा निघत होत्या. मामाच्या मनात एक बैल भरला. खिलारी, खांदा उंच, मांडी भरलेली. व्यापाऱ्यानं त्याच्या मांडीवर थाप मारली. "बघा पावणं! कुठं हाडूक दिसतंय का? चालवून दाखवू?"

"चालवू नको," चंदर म्हणाला. "जागेवर फिरव."

"आँ?"

"हितल्या हितं. गोल."

व्यापाऱ्यानं नाइलाजानं कासरा ओढला. बैल फिरला. फिरताना त्याचा मागचा उजवा पाय किंचित आत गेला आणि परत आला. दुसऱ्या कोणाला दिसलाही नसता.

"सोड मामा. हा नको."

"अवो, हाड शाबूत हाये दादा! देवाशपथ! हात लावून बघा!" व्यापारी ओरडला.

"असंल. पण चिखलणीत वळताना खाली बसंल."

मामा हळहळला. "केवढा देखणा हाये रे."

"देखणाच हाय," चंदर म्हणाला आणि पुढे चालायला लागला. मुरबाडच्या गाडीत तो गुडघा चोळत बसला. मामाला वाटलं, खेळाचं टेन्शन असेल.

मुरबाडच्या मैदानावर दोन साहेब खुर्च्यांवर बसले होते. समोरचा संघ तालुक्यातल्याच पोरांचा. प्रत्येकाची चंदरनं कधी ना कधी पकड केली होती किंवा त्याला गुंगारा दिला होता. खेळाआधी शेखर त्या पोरांकडे गेला. गावाकडे एक शिरस्ता आहे. पोराची नोकरी लागत असली तर आडवं येऊ नये, मग भाऊबंदकी असो नाहीतर कबड्डी.

"त्याच्या उजव्या अंगाला जायचं नाय," शेखर म्हणाला. "पाय धरायचा नाय. त्याला वळायला लावायचं नाय."

"म्हंजे आमी हरायचं?"

"जिंका की. डावीकडून जिंका. आन हे इथंच ठेवा. बाहेर फुटलं तर त्याची नोकरी गेली."

पोरं थोर होती. त्या दिवशी चंदर ज्या ज्या वेळी आत शिरला, त्या त्या वेळी त्याच्या उजव्या हाताची बाजू दुष्काळात विहीर रिकामी पडावी तशी रिकामी पडली. चंदर सरळ जाई, हात लावी आणि मागे पाऊल टाकत सरळ परत येई. पकड करायला आलेले गडी त्याच्या खांद्याला धरत, कमरेला धरत, आणि तो ओढला जातोय इतपत जपून ओढत. शेवटी तर एकानं त्याला सावरलंही.

साहेबांवर चांगला परिणाम झाला.

"सरळ खेळतो," एक साहेब म्हणाले. "उगाच गिरक्या नाहीत."

दुसऱ्यांनी जवळ येऊन चंदरच्या मांडीत अंगठा रुतवायचा प्रयत्न केला. रुतला नाही. "काय मसल आहे!" ते म्हणाले.

कोणी त्याला जागेवर फिर म्हणालं नाही.

आता फक्त कंपनीच्या डॉक्टरांची तपासणी राहिली. सरिता सोबत आली होती. ती बाहेर बाकावर बसली. आत चंदर लोखंडी पलंगावर बसला आणि त्याचा धडा सुरू झाला. आधी रक्त काढलं. चांगलं निघालं. मग छातीवर नळी ठेवली. न दमणारा स्नायू आत धडधडत होता, जरा जास्तच. "खेळाडूचं हृदय," डॉक्टर म्हणाले. दंडाचा घेर, मांडीचा घेर. मग पाय लोंबते सोडायला सांगून गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाऊल आपोआप उडालं. "नर्व्ह्ज उत्तम." शेवटी गुडघ्याचा फोटो. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरला. चंदरला पुढचे शब्द पाठ होते.

"हाडं एकदम नॉर्मल."

सरिताच्या पुस्तकातली एकेक वस्तू पुढे आली आणि पास होऊन गेली. एक राहिली. तिचा नंबरच आला नाही.

"कधी काही जुनी दुखापत?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचं पेन आधीच 'नाही' लिहायच्या तयारीत कागदावर टेकलं होतं.

चंदरनं पेनाकडे पाहिलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. त्यानं विचार केला आणि खरं तेच सांगितलं.

"हाडाला कधी काय झालं नाय, साहेब."

पेन चाललं.

नोकरी लागली. आता प्रश्न वर्षभर ती टिकवायचा होता. समोर तालुक्यातली पोरं नव्हती. कंपन्यांचे संघ, मुंबईचे गडी. ते उजवं-डावं बघत नसत. कप्तान शेखर होता. त्यानं चंदरला राखीव ठेवलं. सामना कुठंही असो, चंदर ट्रॅकसूट घालून बाहेरच्या बाकावर. तो पाणी देई, लिंबू कापी, पोरांच्या पोटऱ्या चोळी. साहेब मैदानावर आले की उठून सरळ रेषेत धावून दाखवी. साहेबांना वाटे, हुकमाचा पत्ता राखून ठेवलाय. संघाच्या कागदांवर त्याचं नाव प्रत्येक वेळी असे. खेळायला आलेला आणि कधी न खेळलेला असा गडी कोणी पाहिला नव्हता. पण तशी नोंद करायला कागदावर रकाना नव्हता.

कायम व्हायला थोडे दिवस राहिले आणि उपांत्य सामना आला तो नेमका शहापूरला.

खैरपाड्यानं दोन टेम्पो केले. रंभा आली, सकुबाई आली, मामा आला. सरिता अंगणवाडीची साडी नेसून आली. चंदरला खेळताना पाहून त्यांना किती दिवस झाले होते! त्यांनी त्याच्या नावाच्या घोषणा गाडीतच सुरू केल्या होत्या.

सामना अटीतटीचा झाला. शेवटी शेवटी कंपनीचा संघ थोड्या गुणांनी मागे पडला आणि दोन्ही चढाईवाले लागोपाठ बाद झाले.

"चंदरला उतरवा!" खैरपाडा ओरडला. "चंदर! चंदर!"

खुर्चीतले साहेब पुढे वाकले. "शेखर, तो सरळ खेळणारा कुठे आहे?"

चंदर उठला होता. ट्रॅकसूटची पँट त्यानं गुडघ्यापर्यंत उतरवलीही होती. शेखर धावत बाकाकडे आला.

"खाली बस."

"साहेब विचारतायत."

"साहेबाला मी सांगतो, पोटात कळ आलीय म्हणून."

"आन गाव?"

"गावाचं काय? तो कोपरा बघ. परेलचा हाये. पहिल्याच पकडीत तुझा पाय हातात काढून ठेवील. सगळं उघडं पडंल. महिन्याचा प्रश्न हाये चंदऱ्या, महिन्याचा!"

"सरळ जाऊन सरळ येतो."

"येऊ देतील ते?"

चंदरनं मैदानाकडे पाहिलं. चढाई त्याला दिसत होती. कुठून शिरायचं, कोणाला बोट लावायचं, सगळं. मांडी आवळलेली होती, हुकमाची वाट बघत. आणि त्याला हेही ठाऊक होतं, की आत गेल्यावर त्या मांडीला हुकूम तो देणार नव्हता. कोपरा अंगावर आला की अंग आपोआप फिरणार होतं. उजव्या पायावर. इतक्या वर्षांत दुसरं काही ते शिकलंच नव्हतं.

"चंदर! चंदर!"

तो खाली बसला. पँट वर ओढली. पोटावर हात ठेवला.

छातीतलं तेवढं कोणाचं ऐकत नव्हतं.

संघ हरला. खैरपाड्याचे टेम्पो त्याला न भेटता निघाले. सरिता मागे थांबली. रंभाही थांबणार होती, पण सकुबाईनं तिला हात धरून वर घेतलं.

"चल गो. त्याच्या पोटात दुखतंय."

"तेलकट खाल्लं असंल," रंभा म्हणाली.

"तेल नाय, माज. खुर्चीला चिकटलाय तुझा पोर. पाय धडधाकट, फोटो आपण सगळ्यांनी बघितलाय. गावासाठी एक चढाई टाकवंना?"

रंभा टेम्पोच्या दांडीला धरून बाहेर बघत राहिली. फोटो तिनंच सगळ्यांना दाखवला होता.

त्या दिवसापासून गावात बकरा कापला की पाय पुन्हा वाट्यात पडायला लागले.

महिन्यानं चंदर कायम झाला. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, शिस्तप्रिय, कप्तानाचा शब्द मोडत नाही. त्याला स्टोअरमध्ये टेबल मिळालं. मग कुठं त्यानं गुडघ्याचं नाव काढलं आणि कंपनीच्या चिठ्ठीवर मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेला. सरिता सोबत होती.

तिथल्या डॉक्टरांनी फोटो मागितलाच नाही. चंदरला आडवं केलं, एका हातानं मांडी धरली, दुसऱ्या हातानं नडगी, आणि हलकेच पुढे ओढून फिरवलं. गुडघा निसटला. डॉक्टरांनी मान हलवली.

"आतला अस्थिबंध तुटलाय. जुना आहे. हा आपोआप जुळत नाही. कधी झालं?"

"सत्त्याण्णवला."

"इतक्या उशिरा आलात?" डॉक्टरांनी कंपनीच्या चिठ्ठीकडे बघितलं. "इथे तर कबड्डीपटू लिहिलंय. अशा गुडघ्यावर इतके दिवस खेळलात कसे?"

"खेळलो नाय, साहेब."

डॉक्टरांनी चिठ्ठी खाली ठेवली. मग त्यांनी टेबलावरचा प्लास्टिकचा गुडघा जवळ घेतला. ऑपरेशन करता येतं, म्हणाले. मांडीच्या मागच्या स्नायुरज्जूचा तुकडा काढायचा आणि तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बसवायचा. मग सहा-आठ महिने मेहनत. नाही केलं तरी चालेल. सरळ चालायला या बंधाची गरज फारशी पडत नाही, ती वळायला पडते.

"तुम्हांला पुढे खेळायचंय का? त्यावर ठरवू."

सरितानं चंदरकडे पाहिलं. चंदर त्या प्लास्टिकच्या गुडघ्याकडे बघत होता. डॉक्टर बोलता बोलता तो सहज गोल फिरवत होते आणि तो कुठंही न निसटता फिरत होता.

"खेळायचंय का?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"कायम झालोय, साहेब," चंदर म्हणाला.

हे होय की नाही, ते डॉक्टरांना कळलं नाही. सरिताला कळलं. तिनं पिशवी उचलली आणि दाराकडे वळली.